शाळेचे क्रीडांगण आणि देणगीचे साहित्य

गावच्या शाळेस देणगी द्यावयाची म्हटली म्हणजे देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सामान्यतः ठराविक वस्तूच उभ्या राहतात. भिंतीवरचे घड्याळ, पाण्याची टाकी, छताचे पंखे, ध्वनिक्षेपक, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत संगणक अथवा दूरचित्रवाणीचा मोठा पडदा. या सर्व वस्तू उपयुक्त आहेत. त्यांची निंदा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु चेंडू, दोऱ्या, लेझिमी, डंबेल्स ही साधने या यादीत सहसा नसतात. असलीच तर अगदी तळाशी असतात. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे मातापित्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपापल्या मूळ गावच्या प्राथमिक शाळेस काही ना काही देत असतात, ही अभिमानाची गोष्ट होय. व्यायामाच्या साहित्याचे दान ही आपल्या मुलखात किती जुनी रीत आहे, त्या दानाने मुलांचे काय साधले आणि कोठे ते वाया गेले, याचा थोडासा इतिहास अशा कुटुंबांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आपल्या मराठवाड्यात खेडोपाडी शाळा पोहोचण्यापूर्वी तालीम पोहोचली होती. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आजच्या जालना जिल्ह्यातील. मारुतीची उपासना आणि बलोपासना यांची सांगड समर्थांनी घातली, तिचे मूर्त स्वरूप म्हणजे मारुतीच्या देवळाशेजारची तालीम. या तालमीतील प्रत्येक वस्तू दानाचीच असे. हौद्यातील लाल माती कोणाच्या तरी शेतातून येई. तीत मिसळावयाचे ताक, तेल व हळद घरोघरून येई. मुद्गलांची जोडी गावचा सुतार घडवी. उचलावयाचा दगडी नाल पाथरवट कोरून देई. याचा हिशेब कोणी ठेवीत नसे, आणि ठेवण्याचे कारणही नव्हते. कारण जोडीची मूठ निसटली तर ती बसविणारा सुतार त्याच गावात राहत असे. वस्तू देणारा आणि वस्तू दुरुस्त करणारा हे दोघेही मुलांच्या नजरेसमोर होते, हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मात्र या तालमींचे गोडवे गाताना सत्यास सोडून चालणार नाही. गावच्या तालमीत सर्व जातींच्या मुलांना सारखा प्रवेश होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्याला देवळाची पायरी बंद, त्याला देवळाशेजारचा हौदाही बंद. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. गावातील एकूण एक मूल एकाच मैदानावर, एकच चेंडू एकमेकांच्या हाती देत खेळेल, ही कल्पना तालमीची नव्हे. ती सार्वजनिक शाळेची देणगी आहे, आणि माझ्या मते तिचे मोल कोणत्याही साहित्यापेक्षा अधिक आहे.

व्यायामाच्या साधनांचा इतिहास आपल्याकडे मल्लखांबापासून सांगण्याची रीत आहे. त्या कथेचा एक धागा आपल्याच बाजूचा आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी निजामाच्या राज्यातून अली व गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी दरबारास आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारले, मुदत मागून वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर तयारी केली आणि गुलाबास चीत केले, अशी आख्यायिका आहे. त्या तयारीचे साधन म्हणजे मल्लखांब. आख्यायिकेतील तपशिलाबद्दल काही म्हणा, परंतु मल्लखांबाचे पुनरुज्जीवन बाळंभटदादांनी केले याविषयी सर्वांचे एकमत आहे. मला त्यात विशेष वाटते ते असे, की एकट्याने सराव करावयाचा असताना प्रतिस्पर्ध्याची जागा एका लाकडी खांबाने घेतली. साधनाचे खरे काम हेच. जो जोडीदार, जी उंची, जो आधार मुलाला एरवी मिळत नाही, तो साधन मिळवून देते. पुढे वेताच्या मल्लखांबासाठी चांगला वेत मिळेना, तेव्हा त्याच्या जागी दोर आला आणि दोरीचा मल्लखांब रूढ झाला. आज मुली ज्या कौशल्याने दोरीच्या मल्लखांबावर आसने करतात, त्याचा उगम अशा एका टंचाईत आहे.

मुद्गलाची कथा तर याहून मनोरंजक आहे. इंग्रज पलटणीतील लोकांनी आपल्याकडील मुद्गल पाहिले, उचलले आणि विलायतेस नेले. १८३४ साली डोनाल्ड वॉकर याने लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यायामविषयक ग्रंथात त्यांना स्थान मिळाले आणि ‘इंडियन क्लब’ या नावाने ते युरोप-अमेरिकेत पसरले. १९०४ आणि १९३२ या दोन ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरविण्याची स्वतंत्र स्पर्धा झाली होती, हे आज सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही. अमेरिकेत डायो लुईस नावाच्या गृहस्थाने १८६० नंतरच्या काळात आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. त्याने लोखंडी डंबेल्स बाजूला ठेवून मुलांसाठी हलकी लाकडी डंबेल्स, लाकडी कडी आणि दाणे भरून शिवलेल्या कापडी पिशव्या वापरात आणल्या. मुलाने पिशवी फेकावी, दुसऱ्याने झेलावी. हातातून निसटली तरी ती घरंगळत दूर जात नाही आणि लागत नाही. हा खर्च म्हणजे घरातली जुनी चिंधी आणि मूठभर धान्य. मोठ्या माणसाचे साधन लहान करून मुलास देणे वेगळे आणि मुलाच्या हाताकडे पाहून साधन बनविणे वेगळे, हा भेद शाळेच्या व्यायामात तेव्हापासून स्पष्ट झाला. आपला मुद्गल विलायतेची वारी करून हलका होऊन कवायतीच्या रूपाने आपल्याच शाळांत परत आला, तो इंग्रजी अमलातील शिक्षणखात्याबरोबर.

निजामी राजवटीतील आपल्या भागाची स्थिती निराळी होती. व्यायामास राज्यकर्ते भितात, हा अनुभव जगभरचा आहे. जर्मनीत यान याने १८११ साली बर्लिनजवळच्या हाझनहाइडे येथे मुलांसाठी उघड्यावर व्यायामाचे मैदान उभारले, समांतर पट्ट्यांसारखी साधने तेथे रूढ झाली; आणि १८२० पासून १८४२ पर्यंत प्रशियाच्या सरकारने ती सारी चळवळच बंद ठेवली. आपल्याकडे हैदराबाद संस्थानात १९२९ च्या ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या हुकुमाने सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले, हे सर्वांस ठाऊक आहे. खासगी शाळा काढणे आणि आखाडे चालविणे यांवरही असेच परवान्याचे ओझे होते, आणि १९३८-३९ च्या सत्याग्रहाच्या काळी जी गाऱ्हाणी मांडली गेली त्यांत आखाड्यांवरील निर्बंध हे एक होते. शिक्षणाचे माध्यम उर्दू, शाळा थोड्या, आणि ज्या होत्या त्यांपैकी मराठी जनतेने चालविलेल्या शाळांना सरकारी आधार जवळजवळ नाही. औरंगाबादेत पहिल्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली सरस्वती भुवन संस्था, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय, या संस्था लोकांच्या पदरच्या पैशावर जगल्या. जेथे शिक्षकाचे वेतनच वर्गणीतून निघावयाचे, तेथे खेळाचे साहित्य विकत आणणे ही चैन होती. म्हणून त्या काळच्या आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींत हुतुतू, आट्यापाट्या, लगोरी, विटीदांडू हेच खेळ येतात. जमीन, दगड, झाडाची फांदी आणि चुन्याची फक्की. खेळ उत्तमच होते. परंतु ती निवड नव्हती. दुसरे काही नव्हतेच.

त्याच सुमारास सीमेपलीकडे काय चालले होते, हे तुलनेसाठी पाहावयास हवे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले आणि त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकरावांनी संघव्यायामाची पद्धत घडविली. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाड्याची स्थापना केली. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुण्यास १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले, तर दादरला १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिर उभे आहे. बडोद्याहून निघालेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशात देशी-विदेशी साधनांची आणि प्रकारांची माहिती एकत्र आली. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था सुरू केली.

या सगळ्या संस्थांचा पाया लोकाश्रय किंवा राजाश्रय हाच होता. परंतु त्यांच्याकडे आलेले दान फळास आले याचे कारण पैशात नव्हे, ते माणसांत होते. मल्लखांब देणारा दाता मिळाला की तो पुरणारा, तेल लावणारा आणि पहिली उडी शिकविणारा वस्ताद तेथे हजर असे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तर साधनाचा प्रश्नच निकालात काढला होता. सूर्यनमस्कारास एका सतरंजीपुरती जागा पुरे, हे दाखवून त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून नमस्कार सक्तीचे केले, आणि १९३८ मध्ये त्यांचे विचार इंग्रजी पुस्तकरूपाने विलायतेतही गेले. आजही कोणी विचारतात, की नमस्कार आहेत, दंड-बैठका आहेत, मग साहित्य कशास हवे? राजेसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन, की नमस्काराने शरीर कमावते, परंतु सात वर्षांच्या मुलाला येणारा चेंडू डोळ्यांनी मोजून हाताने झेलता येणे, दोरीच्या फेऱ्याशी पावलाचा ताल जुळणे, दुसऱ्याच्या हाती वस्तू वेळेवर पोचविणे, या गोष्टी नमस्काराने येत नाहीत. त्यासाठी हातात काहीतरी असावे लागते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू होऊन गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शाळा वाढल्या, परंतु खेळाच्या साहित्याची गोष्ट मागेच राहिली. फाळणीपूर्वी हिंदुस्थानातील क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तेथील कारागीर जालंधर व मीरत येथे येऊन वसले आणि चेंडू-फळ्यांचा धंदा तेथे नव्याने उभा राहिला. म्हणजे आपल्या सुताराच्या हातची जोडी जाऊन तिच्या जागी हजार-बाराशे किलोमीटरवरून आलेला चामड्याचा चेंडू आला. तो फाटला तर शिवणार कोण? गावचा मोची एखादा टाका घाली. आतला रबरी फुगा फुटला की चेंडू संपला. तालमीच्या काळी देणारा व दुरुस्त करणारा एकाच गावात होते, असे वर म्हटले, त्याचे काम येथे पडते.

त्याच सुमारास मद्रास राज्यात कामराज मुख्यमंत्री असताना १९५८ पासून शाळासुधार परिषदांची मोठी चळवळ झाली. गावकऱ्यांनी आपल्या शाळेची गरज स्वतः ठरवावी, यादी करावी आणि ती वस्तू अथवा श्रम देऊन पुरी करावी, अशी तिची रीत होती. प्रथम शाळेची यादी, मग दात्याचा हात, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुधा उलटा क्रम चालतो. दाता शहरातील दुकानात जातो, दुकानदार जे दाखवील ते घेतो आणि शाळेत पाठवून देतो. प्रस्तुत लेखकाच्या नोकरीच्या काळात एका खेड्यातील चौथीपर्यंतच्या शाळेस एका सद्गृहस्थांनी वजन उचलण्याचा लोखंडी दांडा व त्याच्या तबकड्या दिल्या होत्या. हेतू उदात्त होता. नऊ वर्षांच्या पोरांनी त्या तबकड्यांवर बसून डबे खाल्ले. दांडा पुढे तुळशीच्या कट्ट्याला आधार म्हणून लागला.

आता प्रत्यक्ष वर्गाचा हिशेब पाहू. पस्तीस मिनिटांचा तास आहे, वर्गात चाळीस मुले आहेत आणि चेंडू एक आहे. रांगेत उभे करून प्रत्येकाला संधी दिली, तर एकेका मुलाच्या वाट्याला बावन्न सेकंद येतात. उरलेली चौतीस मिनिटे ते मूल उभे असते. त्याला आपण व्यायामाचा तास म्हणतो. चेंडू मोकळा सोडला तर याहून वाईट. मग तो चार दांडग्या मुलांत फिरतो आणि छत्तीस जणे कडेला बसतात, त्यांत मुली जवळजवळ सर्व. हेच चेंडू दहा असले, तर चार-चारांचे गट पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पावणेनऊ मिनिटे येतात. चेंडू हलक्या रबराचे व स्वस्त असले तरी चालतील. एका भारी चेंडूच्या किमतीत साधे कितीतरी येतात. साहित्याने शारीरिक शिक्षण समृद्ध होते ते असे, संख्येने. शिक्षक तोच, मैदान तेच, तास तोच. पण मूल उभे राहण्याऐवजी धावू लागते. देणगीची किंमत तिच्या पावतीवरच्या रकमेने न मोजता, एका तासात प्रत्येक मूल किती वेळ हालले, यावर मोजली तर पुष्कळ गैरसमज दूर होतील.

लेझिमीचेही तसेच. लेझीम मूळची धनुष्याच्या आकाराची, प्रत्यंचेच्या जागी जड लोखंडी साखळी असलेली, पहिलवानांच्या मेहनतीची वस्तू. पुढे ती हलकी झाली, साखळीत लहान चकत्या आल्या आणि सामुदायिक कवायतीस ती फार सोयीची ठरली. एका शाळेत साठ मुले व चोवीस लेझिमी होत्या. पंधरा ऑगस्टच्या पथकात उंच मुलगे निवडले जात. बाकीची मुले टाळ्या वाजवीत. गावातील एका शेतकरी कुटुंबाने वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या खर्चातून उरलेल्या छत्तीस पुऱ्या करून दिल्या. त्या वर्षी पथकाची निवडच करावी लागली नाही. लेझिमीचा आणखी एक गुण असा, की तिची साखळी तुटली तर गावचा लोहार ती सांधतो आणि दांडा मोडला तर सुतार नवा बसवितो. म्हणून माझ्या पाहण्यात जी साधने वर्षानुवर्षे टिकली त्यांत लेझीम पहिली.

मापाचा विचारही येथेच करावयास हवा. फुटबॉलचा पूर्ण मापाचा, म्हणजे पाच नंबरचा चेंडू घेराने अडुसष्ट ते सत्तर सेंटिमीटर असतो. दुसरीतल्या मुलास तीन नंबरचा लागतो. बास्केटबॉलच्या कड्याची उंची दहा फूट का, याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात खेळावयास काही नवे द्यावे म्हणून संस्थेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, शिपायाने सप्ताळूच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, आणि तो कठडा दहा फुटांवर होता. एका शिपायाने दिलेल्या दोन टोपल्या हे जगातील व्यायामसाहित्याचे सर्वांत फलद्रूप दान असावे. परंतु तो कठडा मोठ्या विद्यार्थ्यांचा होता. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये कडे दोन मीटर साठ सेंटिमीटरवर, म्हणजे साडेआठ फुटांवर ठेवतात. शाळेत खांब रोवणाऱ्या दात्याने एवढे विचारून घेतले तर तिसरीतले मूलही कड्यात चेंडू टाकील; नाहीतर तो खांब कपडे वाळविण्याच्या कामी येईल.

यानंतर कपाटाची गोष्ट. ती शिक्षकांस नीट ठाऊक आहे, दात्यांस नाही. देणगीची वस्तू शाळेत आली की ती जडवस्तू-संग्रह नोंदवहीत चढते. आम्ही तिला ‘डेडस्टॉक’ म्हणत असू आणि ते नाव अन्वर्थक होते. एकदा वस्तू तेथे चढली की तपासणीच्या वेळी ती दाखवावी लागते. चेंडू फाटला असेल तर त्याचे निर्लेखन करावे लागते, त्यासाठी प्रस्ताव, मंजुरी. हरवला असेल तर जबाबदारी मुख्याध्यापकाची. दोनशे रुपयांच्या चेंडूपायी खुलासा लिहिण्याची पाळी आलेला मुख्याध्यापक पुढल्या वर्षी काय करतो? कपाटास कुलूप लावतो. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास नवे कोरे चेंडू दिसतात व तो संतुष्ट होऊन जातो. माझ्या एका सहकाऱ्यांच्या शाळेत दहा वर्षांपूर्वीच्या देणगीतील टेनिक्वाइटची रबरी कडी वेष्टनासकट तडकलेली निघाली. एकही मुलाच्या हाताला लागली नव्हती. यात शिक्षकास दोष देणे सोपे आहे, पण मी देणार नाही. वापराने झिजणारी वस्तू जमिनीच्या सातबाऱ्यासारखी कायमची नोंदविण्यात चूक आहे. चेंडू, दोऱ्या, पिशव्या या खडूसारख्या वस्तू होत. त्या खर्ची पडण्यासाठीच असतात. दात्याने आपल्या पत्रात ‘हे साहित्य मुलांच्या वापरात झिजावे, मोडल्यास आमची हरकत नाही’ एवढे एक वाक्य लिहून दिले आणि शाळा व्यवस्थापन समितीने त्याची नोंद खर्ची पडणाऱ्या साहित्यात करण्याचा ठराव केला, तर कुलूप निघण्यास पुष्कळ मदत होते. असे झालेले मी पाहिले आहे.

कोणी म्हणतील, हे सरकारचे काम आहे. आहेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वर्गास गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य द्यावे आणि शाळेस क्रीडांगण असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस वर्षाला पाच हजार, उच्च प्राथमिक शाळेस दहा हजार आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेस पंचवीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. मात्र त्याच कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक ठेवला आहे तो सहावी ते आठवीसाठी, आणि तोही पट शंभराहून अधिक असेल तेथे. पहिली ते पाचवीच्या मुलांना खेळ शिकविणारा वेगळा माणूस कोठेच नाही. गणित शिकविणारे गुरुजी किंवा बाईच मैदानावर येतात. दात्याच्या दृष्टीने हीच खरी उणीव आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांकडून २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे सामाजिक कामासाठी पैसा निघू लागला. परंतु त्या पैशाचे साहित्य आले म्हणजे ते वापरावयास शिकविणारा आला असे होत नाही. आपल्या शहरात खडकेश्वरला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे, विद्यापीठ परिसराकडे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. आपल्या ज्ञातीतही या विद्येची पदवी घेतलेले तरुण आहेत. साहित्याबरोबर अशा एका तरुणाचे दोन शनिवार शाळेस दिले तर ते दान दुप्पट होते.

एका नव्या अडचणीचाही उल्लेख करतो. हुतुतू म्हणजे आजची कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत पोहोचली. खो-खोचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस झाला आणि दोन्ही अजिंक्यपदे भारतानेच मिळविली. आनंद सर्वांना झाला. पण मातीवरचे हे खेळ आता मोठ्या स्पर्धांत मॅटवर खेळले जातात. ज्या खेळास एकेकाळी दोन खांब आणि फक्की पुरत होती, त्याला आता साहित्य लागते, आणि तेही खर्चाचे. म्हणून काही दाते प्राथमिक शाळेस मॅट देण्याचा विचार करतात. माझे मत विरुद्ध आहे. मॅट तालुक्याच्या हायस्कुलास द्यावी, जेथे स्पर्धेत उतरणारी मुले आहेत. प्राथमिक शाळेच्या मैदानातील खडे वेचून, मुरूम काढून त्यावर चार ट्रॉल्या पोयट्याची माती टाकून दिली तर लहानग्यांचे गुडघे वाचतील आणि तीनही ऋतूंत खेळ होईल. ती मातीही साहित्यच आहे, आणि तालमीच्या काळी ती पहिले दान होती.

देणगी कोणत्या मुलांसाठी, हा प्रश्न ज्ञातीच्या स्मरणिकेत टाळता येणार नाही. आपले वसतिगृह, आपली शिष्यवृत्ती, हे आपल्या मुलांसाठी आहे आणि असावे. शाळेस दिलेला चेंडू मात्र कोणाच्या ज्ञातीचा राहत नाही. तो ज्या क्षणी मैदानावर येतो त्या क्षणी सगळ्यांचा होतो, आणि नाही झाला तर खेळच होत नाही. आपल्यातील बहुतेकांची नातवंडे आज शहरातील इंग्रजी शाळांत जातात. गावच्या जिल्हा परिषद शाळेत जी उरली आहेत ती मजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, ज्यांना दुसरी शाळा परवडत नाही त्यांची मुले आहेत. काही शाळांचा पट वीसच्या आत आला आहे. वीस मुलांच्या शाळेस साहित्याचे दान फारच थोड्या खर्चात पुरे पडते, हे माझ्या वरच्या हिशेबावरून कोणालाही काढता येईल. दहा रबरी चेंडू, वीस दोऱ्या, वीस कापडी पिशव्या, वीस लहान लेझिमी आणि दहा-बारा कडी. पिशव्या आपल्याच घरातील भगिनींनी शिवाव्यात. जुन्या साडीचे काठ त्यास फार टिकाऊ असतात. दोऱ्या मुलांच्या उंचीप्रमाणे दोन मापांच्या घ्याव्यात, दोरीच्या मध्यावर पाय ठेवला असता दोन्ही मुठी मुलाच्या काखेपर्यंत याव्यात. लेझिमी शक्यतो गावच्या किंवा जवळच्या बाजारगावच्या कारागिराकडून करवून घ्याव्यात, म्हणजे दुरुस्तीस तोच सापडतो. सर्वांवर देणाऱ्याचे नाव घालण्याचा आग्रह धरू नये. नाव घातलेली वस्तू झिजवावयास मुख्याध्यापक कचरतो. नाव हवेच असेल तर ते साहित्य ठेवण्याच्या पेटीवर घालावे, आणि त्या पेटीला कडी असावी, कोयंडा नको.

वेळेविषयी एकच सूचना. आपल्याकडील पुष्कळसे दान डिसेंबर-जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या सुमारास होते. तोवर सत्र निम्म्याहून अधिक संपलेले असते, आणि मार्चमध्ये परीक्षा आल्या की मैदान ओस पडते. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. पावसाची उघडीप मिळेल तशी मुले बाहेर येतात आणि पंधरा ऑगस्टची तयारी जुलैअखेर सुरू होते. ज्यांना यंदा द्यावयाचे आहे त्यांनी मे महिन्यात गावी गेल्यावर मुख्याध्यापकांस भेटून यादी करून घ्यावी, सुतार-लोहारांस तेव्हाच काम सांगावे, आणि पेटी पहिल्या आठवड्यात शाळेत पोहोचेल असे पाहावे.